हत्तीचे सुळे कुणी नेले?

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हत्तींचा सांभाळ करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी एक प्रकरण आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावेत, वीस वर्षांचा हत्ती पकडण्याजोगा समजावा, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. कोणते हत्ती पकडू नयेत याचीही यादी आहे : पिल्लू, आखूड सुळ्यांचा, मुळीच सुळे नसलेला, आजारी, गाभण हत्तीण आणि अंगावर पाजणारी हत्तीण. यातल्या बिनसुळ्यांच्या हत्तीला कौटिल्याने वापरलेला शब्द आहे 'मक्कण'. दोन हजार वर्षे उलटून गेली, तरी उत्तर भारतातला माहूत अशा नराला आजही 'मखना'च म्हणतो.

गाभण आणि लेकुरवाळ्या हत्तिणी का सोडायच्या हे सहज समजते. मखना सोडण्याचे कारण वेगळे आहे. राजाला हत्ती हवा होता तो लढाईसाठी आणि मिरवणुकीसाठी. बिनसुळ्यांच्या हत्तीची तिथे काय शोभा! पण आता जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या नजरेने ही यादी पुन्हा वाचा. सुळेवाला नर ऐन उमेदीत जंगलातून उचलला जातो आणि मखना जंगलातच राहतो. जंगलात राहतो म्हणजे त्याला माद्या मिळतात, पिल्ले होतात. कौटिल्याच्या मनात असे काही नव्हते हे उघड आहे. तरीही त्याचा नियम शतकानुशतके पाळला गेला असेल, तर पुढच्या पिढ्यांत कोणत्या नरांची संतती वाढेल?

उत्क्रांती शिकवताना आपण बहुधा जिराफाची मान आणि इंग्लंडमधले काळे पतंग ही उदाहरणे घेतो. ती चांगलीच आहेत. पण त्यांत माणूस एकतर नसतो, किंवा असला तर गिरणीच्या धुराआड असतो. शिकारीच्या गोष्टीत तो समोर उभा आहे. शिवाय या गोष्टीत शे-दोनशे वर्षांच्या नोंदी आपल्या हाती आहेत आणि आकडे वर्गात फळ्यावर मांडता येतील इतके सोपे आहेत.

शेतकरी बियाण्यासाठी काय करतो? उभ्या पिकातली सर्वांत टपोरी कणसे निवडतो, ती वेगळी बांधून ठेवतो आणि उरलेली खातो. पशुपालकही सर्वांत चांगला वळू ठेवतो. माणसाने केलेल्या या निवडीपासूनच डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात केली आहे. शिकारी याच्या बरोबर उलट वागतो. तो सर्वांत मोठ्या शिंगांचा, सर्वांत सुंदर कातड्याचा, सर्वांत लांब सुळ्यांचा प्राणी मारतो आणि बियाण्याला हलके ते ठेवतो. कुणी शेतकऱ्याने दरवर्षी टपोरी कणसे खाऊन पोचट दाणे पेरले, तर शेजारी त्याला वेड्यात काढतील.

हा विचार आकड्यांत मांडण्याचे एक जुने आणि फार सुंदर उदाहरण जे. बी. एस. हाल्डेन यांचे आहे. हे हाल्डेन म्हणजे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आलेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन पावलेले आनुवंशशास्त्रज्ञ. १९४२ साली त्यांनी कॅनडातल्या कोल्ह्यांवर एक लेख लिहिला. तिथल्या लाल कोल्ह्यांमध्ये काही रुपेरी रंगाचे निघतात. रुपेरी रंगासाठी कोल्ह्याला त्या रंगाचा जनुक आई आणि बाप दोघांकडूनही मिळावा लागतो. एकाकडूनच मिळाला तर रंग मिश्र होतो. बाजारात रुपेरी कातडे इतरांच्या सुमारे तिप्पट किमतीला जाई. मग फासे लावणारा कोणत्या कोल्ह्याचा माग काढण्यासाठी अधिक मेहनत घेईल?

लॅब्रॅडॉर भागात कातड्यांच्या खरेदीच्या वह्या जपलेल्या होत्या आणि चार्ल्स एल्टन या परिस्थितिशास्त्रज्ञाने त्या तपासून ठेवल्या होत्या. १८३० च्या सुमारास दर शंभर कातड्यांत सुमारे १६ रुपेरी होती. १९३० च्या सुमारास ती ५ वर आली.

हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार रुपेरी कोल्ह्यांचे प्रमाण म्हणजे त्या जनुकाच्या वारंवारतेचा वर्ग. ०.१६ चे वर्गमूळ ०.४ आणि ०.०५ चे सुमारे ०.२२. म्हणजे रुपेरी कोल्हे एक तृतीयांशाहूनही कमी उरले, पण जनुक मात्र जवळजवळ निम्माच घटला. उरलेला जनुक मिश्र रंगाच्या कोल्ह्यांमध्ये सुरक्षित बसून होता. कोल्ह्याची एक पिढी दोन वर्षांची धरली तर शंभर वर्षांत पन्नास पिढ्या होतात. मिश्र आणि लाल कोल्ह्यांना सारखाच धोका मानला, तर एवढी घट व्हायला रुपेरी कोल्ह्याने दर पिढीला इतरांपेक्षा फक्त सहा टक्के मागे पडणे पुरेसे आहे. हा फरक इतका लहान आहे की फासे लावणाऱ्या कुणाच्याही तो ध्यानात आला नसता. शंभर वर्षांच्या वहीत मात्र तो स्पष्ट उमटला.

आता पुन्हा हत्तीकडे वळू. या वेळी आफ्रिकेतल्या.

आफ्रिकी हत्तीत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात. सुळा हा वरच्या जबड्यातला पटाशीचा दात. तो आयुष्यभर वाढत राहतो. त्याने हत्ती झाडाची साल सोलतो, कोरड्या नदीपात्रात पाण्यासाठी खड्डे खणतो, मुळे उकरतो, भांडतो. माणसाला त्याचे वेड फार जुने आहे आणि त्या वेडात आपला पश्चिम किनारा दूरचा प्रेक्षक नव्हता. मोझांबिकवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. अठराव्या शतकात दीव-दमणचे वाणी गुजराती कापड घेऊन मोझांबिकला जात आणि बदल्यात हस्तिदंत आणत. गुजरात, कच्छ, राजस्थानात लग्नाच्या चुड्याला हस्तिदंताच्या बांगड्या लागत. आपल्याकडच्या हत्तीपेक्षा आफ्रिकी हस्तिदंत जाड आणि कोरायला मऊ, म्हणून त्याला मागणी अधिक. वैधव्य आले की चुडा उतरवून नष्ट करायची रीत होती, त्यामुळे ही मागणी कधी संपत नसे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचा हस्तिदंतही मुंबई बंदरात उतरू लागला आणि त्यातला बराच पुढे लंडनला रवाना होऊ लागला. तिथे आणि अमेरिकेत त्यापासून पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू, कंगवे आणि सुऱ्यांच्या मुठी बनत. चुडा भरणारी नवरी आणि पियानो वाजवणारी लंडनची मुलगी, दोघींच्या हातात एकाच कळपातला हत्ती असणे अशक्य नव्हते.

मात्र आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मिळाले ते विसाव्या शतकाच्या शेवटी, याच मोझांबिकमध्ये. देशाच्या मध्यभागी गोरोंगोसा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले आणि १९७७ पासून तिथे यादवी युद्ध पेटले. ते १९९२ मध्ये संपले. गोरोंगोसा ऐन रणभूमीत होते. दोन्ही बाजूंच्या फौजांनी हत्ती मारले : मांस सैनिकांच्या पोटात गेले आणि सुळे शस्त्रांच्या बाजारात. १९७२ च्या हवाई गणनेत तिथे २,५४२ हत्ती होते. २००० मध्ये उरले २४२.

युद्धानंतर उद्यानात गेलेल्या संशोधकांना बिनसुळ्यांच्या हत्तिणी फार दिसू लागल्या. पण 'फार दिसतात' हे विज्ञान नव्हे. पूर्वी किती होत्या? युद्धापूर्वी कुणी अशी मोजणी केलेली नव्हती. मग जुन्या चित्रफिती आणि छायाचित्रे शोधून त्यांतली एकेक हत्तीण तपासली गेली. शेन कॅम्पबेल-स्टॅटन, रॉबर्ट प्रिंगल, हत्तींच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या जॉयस पूल आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. युद्धापूर्वी १८.५ टक्के हत्तिणींना सुळे नव्हते. युद्धातून वाचलेल्या हत्तिणींत हे प्रमाण ५०.९ टक्के होते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या काळात बिनसुळ्यांची हत्तीण जगण्याची शक्यता सुळेवालीच्या सुमारे पाचपट होती. लहान कळपात असा बदल निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. म्हणून त्यांनी संगणकावर तेही तपासून पाहिले. निवडीशिवाय एवढा फरक पडणे जवळजवळ अशक्य ठरले.

इथे जरा थांबू या, कारण वर्गात नेमका इथेच घोटाळा होतो. वर्तमानपत्रांत मथळे आले की शिकाऱ्यांपासून वाचण्यासाठी हत्तींनी सुळे टाकून दिले. मुलेही असेच म्हणतात. ते चुकीचे आहे आणि लामार्कच्या जिराफाइतकेच चुकीचे आहे. कोणत्याही हत्तिणीने सुळे टाकले नाहीत. युद्धाआधीही दर शंभरात अठरा-एकोणीस हत्तिणी सुळ्यांशिवायच जन्मल्या होत्या. तेव्हा त्याचा त्यांना फायदा नव्हता, उलट थोडी अडचणच होती. बंदूक आली आणि तो जन्मजात फरक एकाएकी जगण्या-मरण्याचा ठरला.

दुसरा मुद्दा अधिक बारीक आहे. युद्ध चालले पंधरा वर्षे. हत्तीची एक पिढी त्याहून मोठी असते. म्हणजे १८.५ वरून ५०.९ ही उडी बरीचशी त्याच हत्तिणींमधली आहे. चाळणीने धान्य चाळावे तसा हा प्रकार झाला. चाळण्याला निवड म्हणता येईल, पण उत्क्रांती म्हणण्यासाठी त्याचा परिणाम पुढच्या पिढीत उतरायला हवा. म्हणून त्या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा तिसराच आहे. युद्ध संपल्यावर, गोळीबार थांबल्यावर जन्मलेल्या माद्यांत बिनसुळ्यांच्या किती? ३३ टक्के. या पोरींना कुणी चाळले नव्हते. तरीही त्यांच्यातले प्रमाण युद्धापूर्वीच्या प्रमाणाहून बरेच जास्त राहिले. चाळणी निघून गेली, खूण वारशात उरली.

आता आणखी एक कोडे. बिनसुळ्यांच्या सगळ्या माद्याच कशा? गोरोंगोसात बिनसुळ्यांचा नर जवळजवळ दिसतच नाही. समजा, सुळे न येऊ देणारा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि तो प्रबळ आहे. मादीकडे दोन एक्स असतात. एकावर तो जनुक असला तरी तिला सुळे येणार नाहीत, पण दुसऱ्या चांगल्या एक्सवर तिचे बाकीचे भागते. नराकडे एक्स एकच. त्यावरच हा दोष आला तर ते पिल्लू गर्भातच मरते. मग बिनसुळ्यांच्या हत्तिणीची संतती कशी असेल? फळ्यावर चौकट काढा. चार शक्यता : बिनसुळ्यांची मुलगी, सुळेवाली मुलगी, सुळेवाला मुलगा आणि जन्मालाच न येणारा मुलगा. म्हणजे जन्मलेल्या पिल्लांत दोन तृतीयांश मुली हव्यात. गोरोंगोसात अशा हत्तिणींच्या पिल्लांत माद्यांचे प्रमाण ६५.७ टक्के निघाले. चौकोनी रकान्यांतले भाकीत जंगलातल्या कळपात इतके तंतोतंत उतरलेले मी तरी क्वचितच पाहिले आहे.

पुढे अठरा हत्तिणींच्या रक्तातून त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. निवडीच्या खुणा दोन जनुकांपाशी ठळकपणे सापडल्या. त्यातला एक्स गुणसूत्रावरचा एएमईएलएक्स हा दाताचे कवच घडवणाऱ्या प्रथिनाचा जनुक आहे. माणसातही गुणसूत्राचा हा भाग गळाला तर स्त्रियांत वरचे बाजूचे पटाशीचे दात नीट वाढत नाहीत आणि पुरुषगर्भ जगत नाही. हत्तीचा सुळा म्हणजे हाच दात. अर्थात एकाच जनुकावर सगळे भागत नाही. एकच सुळा असलेल्या हत्तिणीही आढळतात. त्यांचे स्पष्टीकरण आणखी कुठेतरी दडलेले आहे.

मात्र बिनसुळ्यांचा प्रत्येक कळप शिकारीनेच घडवला असे समजण्याची घाई करू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडो या उद्यानाची हकिगत पहा. शेतीला उपद्रव होतो म्हणून १९१९-२० मध्ये सरकारने एका शिकाऱ्याला तिथले हत्ती संपवायला नेमले. त्याने शंभराहून अधिक मारले. १९३१ मध्ये उद्यान झाले तेव्हा अकराच हत्ती उरले होते. त्यातल्या आठ माद्यांपैकी सुमारे निम्म्यांना सुळे नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ९८ टक्के हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या. पण मधल्या सत्तर वर्षांत त्यांची शिकार झालेली नाही! मग निम्म्यावरून ९८ वर कोण घेऊन गेले? फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात एखादा जनुक निव्वळ योगायोगाने सर्वत्र पसरतो. त्याला जनुकीय विचलन म्हणतात. ॲडोमध्ये बंदुकीने कळप लहान केला आणि पुढचे काम नशिबाने केले. दोन्ही कारणांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो, म्हणूनच गोरोंगोसात योगायोगाची शक्यता एवढ्या काळजीने तपासावी लागली.

आपल्या आशियाई हत्तीची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे मादीला मुळात मोठे सुळे नसतातच, आणि मखना हा नर असून चांगला धडधाकट असतो. तेव्हा गोरोंगोसाचा प्राणघातक जनुक इथे लागू पडत नाही. दक्षिण भारतात बहुतेक नर सुळेवाले, ईशान्य भारतात मखन्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, तर श्रीलंकेत शंभरातल्या दहा नरांनाही सुळे नाहीत. सुळेवाले नर शतकानुशतके पकडून आणि मारून नेल्याचा हा परिणाम, असे काही संशोधक मानतात. बेटावरचा छोटा कळप आणि योगायोग यांकडे दुसरे बोट दाखवतात. कौटिल्याची यादी पहिल्या मताच्या बाजूची साक्षीदार आहे, पण साक्षीदार म्हणजे पुरावा नव्हे.

केरळातल्या पेरियारमध्ये निवड चालू असताना कशी दिसते हे पाहायला मिळाले. सुळ्यांसाठी फक्त नरच मारले जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक प्रौढ माद्या होत्या. अशा वेळी जो काही मखना उरेल त्याच्या वाट्याला किती माद्या येतील याचा हिशेब अवघड नाही. सुळे नसल्याने माजाच्या काळात त्याचे अडते का? करपगम चेल्लय्या आणि रामन सुकुमार यांनी काझीरंगात पाहिले की नरांच्या झुंजीत माज आणि देहाचा आकार यांचे वजन सुळ्यांपेक्षा जास्त पडते. मखना बिचारा नाही, असा त्याचा अर्थ.

हत्तीखेरीज दोन उदाहरणे थोडक्यात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाच्या डोंगरावरच्या जंगली मेंढ्यांवर १९७० च्या दशकापासून खुणा करून त्यांची वंशावळ ठेवली आहे. शिंगांचे वळण ठरावीक मापाचे झाले की मेंढा मारायला कायद्याने परवानगी होती. ज्याची शिंगे भराभर वाढत तो चार वर्षांचा असतानाच गोळी खाई. मेंढ्याचे प्रजननाचे खरे दिवस सहा वर्षांनंतर सुरू होतात, म्हणजे मोठी शिंगे मिळण्याआधीच त्यांचा वारसा संपे. २००३ मध्ये डेव्हिड कोल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या कळपाची शिंगे लहान होत चालली आहेत. त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि चारा-गर्दीचा किती यावर नंतर बराच वाद झाला. १९९६ मध्ये नियम कडक केल्यावर घट थांबली, पण शिंगे पूर्वीसारखी झाली नाहीत. न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशांचे दुसरे उदाहरण. जाळ्यात मोठा मासा अडकतो, म्हणून लहानपणीच वयात येणाऱ्या माशाची अंडी मागे राहतात. १९९२ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली, त्याच्या आधीच कॉड अधिकाधिक लहान वयात व आकारात प्रौढ होऊ लागले होते.

मग शिकार थांबली की सुळे परत येतील का? १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. भारतात १९८६ च्या दुरुस्तीने देशी आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. झांबियातल्या दक्षिण लुआंग्वा खोऱ्यात बिनसुळ्यांच्या हत्तिणी १९६९ मध्ये १०.५ टक्के होत्या, बेसुमार चोरट्या शिकारीनंतर १९८९ मध्ये ३८.२ टक्के झाल्या आणि १९९३ मध्ये २८.७ टक्क्यांवर आल्या. चार वर्षांत एवढी घट जन्मांमुळे होऊ शकत नाही. आजूबाजूच्या जंगलांतले सुळेवाले हत्ती सुरक्षित भागात येऊन मिसळले, हा त्यातला मोठा भाग. म्हणजे शेजारी सुळेवाले कळप शिल्लक असतील तर घट लवकर दिसते.

गोरोंगोसात मात्र बदल संथपणे आणि आतूनच व्हायचा आहे. तो होईल अशी अपेक्षा आहे, कारण बिनसुळ्यांच्या हत्तिणीचे निम्मे नरगर्भ मरतात. बंदुकीचा धोका नसेल तेव्हा सुळेवालीची जगणारी पिल्ले जास्त, आणि तो जनुक हळूहळू मागे हटणार. तोपर्यंत साल सोलण्याचे आणि खड्डे खणण्याचे हत्तीचे काम तिथे कमी होईल, झाडे आणि गवत यांचा तोल थोडा बदलेल. हत्तीच्या विष्ठेतल्या वनस्पतींच्या अंशांवरून दिसते की सुळेवाल्या आणि बिनसुळ्यांच्या हत्तिणी तिथे सारखा आहार घेत नाहीत. युद्धानंतर जन्मलेल्या त्या ३३ टक्क्यांतल्या अनेक हत्तिणी आता स्वतः आया झाल्या आहेत, आणि हत्तीण साठ वर्षांपर्यंत जगते.